बीमवरून उतरायचं नसतं

कोणी विचारलंच तर आई कॅन्सरने गेली, असं ब्रिन म्हणाली तेव्हा केलॉग रस्त्यावरचा सिग्नल लाल होता आणि मी समोरच्या पिकअपच्या मागच्या टायरकडे बघत होतो. टायर आतल्या बाजूने झिजला होता. माझं आयुष्य टायरच्या दुकानात गेलं, त्यामुळे डोळे आपोआप तिकडे जातात. दात घासायला जाते असं सांगावं तसं तिने ते सांगितलं, खिडकीबाहेर बघत, पाय डॅशबोर्डवर टाकून. दोन्ही घोट्यांना पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "ऐकलंस तू." सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, आणि मी गाडी पुढे घेतली. दोन चौक मागे गेले. मग मीच विचारलं, "कुठला कॅन्सर?" म्हणजे मी भाव करायला लागलो होतो. तिला ते लगेच कळलं. तिने पाय खाली घेतले. "गर्भाशयाचा म्हण. पुरुष पुढे काही विचारत नाहीत."

ट्रिना फेब्रुवारीत गेली. गर्भाशयाचा काही संबंध नव्हता. तिच्या हृदयाचा स्नायू जाड होत गेला होता, वर्षानुवर्षं, कोणाला पत्ता न लागता, आणि एका संध्याकाळी त्याने ठोका चुकवला तो चुकवलाच. हे आम्हाला नंतर सांगितलं, ती गेल्यावर, शवविच्छेदन करणाऱ्या माणसाने. त्याचा आवाज फार मृदू होता, आणि तो मृदू होता म्हणून मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. हा आजार रक्तातून मुलांत उतरतो, मुलीला दाखवून घ्या, तो म्हणाला. दाखवलं. ब्रिनच्या हृदयाची भिंत थोडी जाड निघाली. थोडीच. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवून ती दाखवली. राखाडी रंगाचं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. त्या म्हणाल्या, इतकी मेहनत करणाऱ्या पोरींची भिंत अशी होतेच. यावरून काही म्हणता येत नाही. तीन महिने सराव बंद ठेवायचा. जाडी उतरली तर ती मेहनतीची, नाही उतरली तर आईची. नाहीतर रक्त द्यायचं, त्यातून आईचा दोष आलाय का ते कळेल. ब्रिन कागदी झगा आवळून टेबलावर बसली होती. "दोन्ही नको," ती म्हणाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

सही करून रक्त काढायला लावता आलं असतं, सतराव्या वर्षी बापाची सही चालते. पण तिला त्या खुर्चीपर्यंत नेणार कोण? खांद्यावर टाकून? मी एकदा स्वयंपाकघरात विषय काढला तर ती म्हणाली, टेस्ट केलीस तर मी डर्ककडे राहायला जाईन. डर्क म्हणजे तिचा जिम्नॅस्टिक्सचा कोच, जिम त्याचीच. सहा वर्षांची असल्यापासून ती रोज माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्याबरोबर असायची. तो माणूस मला म्हणाला होता, "ग्लेन, भीती घरात शिरली की अंगात शिरते. तिच्या डोक्यात काही भरू नकोस." पार्किंगमध्ये, माझ्या ट्रकला टेकून म्हणाला. माझ्या बायकोला पुरून दोन आठवडे झाले नव्हते. मी त्याला म्हटलं, ट्रकवरून हात काढ. तो हसला, दोन्ही हात वर केले, आणि पकड घसरू नये म्हणून हातांना लावलेला चॉक दारावर तसाच राहिला. मी तो धुतला नाही. पावसाने गेला.

तर आम्ही तिच्या दुसऱ्या कॉलेजला भेट द्यायला निघालो होतो. पहिलं कॉलेज पश्चिमेला, समुद्राजवळ. आठवीत असल्यापासून ते तिला टीममध्ये घ्यायला तिच्यामागे होते आणि ट्रिनाने फ्रिजवर त्यांचं मॅग्नेट लावून ठेवलं होतं. तिथल्या कोचशी ट्रिना फोनवर तासभर बोलायची, माझ्याशी कधी बोलली नाही इतकं हसत. पण तिथल्या डॉक्टरांना ट्रिना कशाने गेली ते कळलं होतं, आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं: आधी रक्ताची तपासणी, मग जिम. ब्रिनने स्वतः फोन करून त्यांना नाही म्हटलं. आभार मानले. ती फार सभ्य मुलगी आहे, सगळे म्हणतात. मग ती टीम कशी आहे, शिक्षण काय आहे, कोच कशी आहे, हे काहीही न बघता तिने एकच गोष्ट बघायला सुरुवात केली: कुठे कमी विचारतात. तिच्या जिममधली मॅकेना दोन वर्षांपूर्वी या कॉलेजात गेली होती. दोन्ही घोटे निकामी, तरी उड्या मारते. तिने कळवलं, इथला टीमचा डॉक्टर म्हणजे आजोबा आहे, गुडघ्याला हात लावतो आणि फुटबॉलबद्दल बोलतो. बस. ठरलं. लोक नवरा निवडताना याहून जास्त बघतात.

वाटेत नाश्त्याला थांबलो. मी बिस्किटं, म्हणजे लोण्याचे जाड पाव, आणि वर सॉसेजची घट्ट ग्रेव्ही घेतली, तिने अंड्याचा पांढरा भाग. माझ्या ताटाकडे बघून ती म्हणाली, "तूपण एक टेस्ट करून घे, बाबा. ग्रेव्हीची."

"मी उड्या मारत नाही."

"दिसतंय."

वाढणारी बाई हसली. ब्रिनही तिच्याकडे बघून हसली, ते स्पर्धेत पंचांकडे बघून हसतात तसं, सगळे दात. बाई गेल्यावर ते हसू तिने रुमाल घडी घालून ठेवावा तसं ठेवून दिलं. "म्हणशील ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू म्हणजे नाही. आईशी बोलताना पण तू बघूच म्हणायचास." मी पैसे टेबलावर ठेवले आणि बाहेर येऊन उगाच गाडीच्या चाकांना लाथा मारून बघितल्या.

डर्कच्या जिममध्ये पालकांसाठी वर एक गॅलरी आहे, समोर काच लावलेली. खाली पोरी, वर बाकांवर आया. बाप क्वचित. तिथला एक नियम आहे आणि तो हंगामाच्या पहिल्या सभेत डर्क स्वतः सांगतो: पोर पडली तर कोणी उठायचं नाही. आई धावली की पोर रडते, रडली की घाबरते, घाबरली की संपली. पोर पडते, पडून राहते, श्वास घेते, आणि मग अंगठा वर करते. अंगठा दिसेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ब्रिन आठ वर्षांची होती, उंच आडव्या बारवरून पाठीवर पडली आणि मी दारापर्यंत पोचलो होतो. ट्रिनाने मला पट्ट्याला धरून मागे ओढलं. "खाली बस, ग्लेन. येईल अंगठा." आला. ट्रिनाचा चेहरा बघण्यासारखा होता, जसं काही तो अंगठा तिनेच घडवला होता. पुढे ती नव्या आयांना हे शिकवायची. नवी कोणी उठली की ट्रिना मान न वळवता म्हणायची, "बस गं." आणि त्या बसायच्या. ती त्या गॅलरीची पोलीस होती. मी पुन्हा फारसा गेलो नाही. दुकान होतं.

फेब्रुवारीत त्या बाकावरून ट्रिना घसरली. उठल्यासारखी झाली आणि बाकांच्या मधल्या जागेत पडली. शेजारी हॉली नावाची एक आई होती, तिची मुलगी ब्रिनच्याच गटात. हॉली म्हणाली, "ट्रिना, अंगठा?" सगळ्या हसल्या. ट्रिनालाच ट्रिनाचा नियम. त्यांना वाटलं, खाली काही पडलं ते शोधते आहे, नाहीतर चक्कर आली, उठेल. त्या जागी बसलेल्या बायका इतकी वर्षं पडलेल्याकडे बघत बसायला शिकल्या होत्या. किती वेळ गेला ते मला कोणी नीट सांगितलं नाही, प्रत्येकीचा आकडा वेगळा आहे. आणि खाली ब्रिन बीमवर होती. बीम म्हणजे तळहाताएवढ्या रुंदीची लाकडाची पट्टी, छातीइतकी उंच. बीमवरून बरोबर काचेतलं बाक दिसतं, आईच ते बाक धरून ठेवायची, दिसावं म्हणून. ब्रिनने आईला घसरताना पाहिलं. मग तिने मागे दोन कोलांट्या मारल्या, वळली, धावली, उडी मारून खाली उतरली, पाय न हलवता उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. डर्क म्हणाला, "पुन्हा." ती पुन्हा चढली.

हे मला हॉलीने सांगितलं. पुरल्यानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम, बटाटे, ती हिरवी जेली. हॉली कागदी बशी घेऊन माझ्यापाशी आली, डोळे रडून सुजलेले, आणि म्हणाली, "तुला माहीत असायला हवं म्हणून सांगते, ग्लेन. काय मनाची पोर आहे तुझी. डोळ्यांनी बघितलं आणि तरी पूर्ण केलं. ट्रिनाला किती अभिमान वाटला असता." ती हे कौतुक म्हणून सांगत होती. मी म्हटलं, थँक्यू. मी बशीतला बटाटा खाल्ला. मला आठवतं, त्यात मीठ कमी होतं. पलीकडे ब्रिन काळ्या कपड्यात ताठ उभी होती, कोणा म्हातारीला खुर्ची देत होती, आणि तिच्याकडे बघून मला जे वाटलं ते बापाला पोरीबद्दल वाटू नये. तेव्हापासून ते तसंच आहे. सकाळी दात घासताना असतं. ती जेवताना मनगट कसं वळवते, ट्रिनासारखं, ते दिसलं की वर येतं. मी डर्कचा द्वेष करतो, तो सोपा आहे. हॉलीचा करतो. त्या सगळ्या बाकाचा करतो. या द्वेषांचा मला आधार आहे, ते नसते तर उरलेला एकच द्वेष घरात माझ्यासमोर बसून अंड्याचा पांढरा भाग खात राहिला असता. म्हणून कॅन्सर म्हण असं तिने म्हटलं तेव्हा मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, हिला थांबवलं पाहिजे, ही मरेल. दुसरी, हिला थांबवता येईल. या दोन वाक्यांत फार फरक नाही. पण दुसरं म्हणताना मला गोड लागत होतं. तेव्हापासून तीनशे मैल मी हेच चघळत होतो: मी खरं बोललो तर ते तिला वाचवायला असेल की तिचं सगळं हिसकावून घ्यायला? आणि वाचवणं हवंच असेल तर माझ्या मनात काय आहे याने काय फरक पडतो? पडतो. मला माहीत होतं पडतो.

कॉलेजची कोच मेलानी दारातच भेटली. उंच, उन्हाने रापलेली, मिठी मारणारी. "ग्लेन! अखेर! तुमच्याबद्दल किती ऐकलं!" काय ऐकलं असेल? मी टायर बदलतो याखेरीज ऐकण्यासारखं काही नाही. ब्रिन लगेच उजळली. आत टीमचा सराव चालू होता. इथे काच नव्हती, सगळं उघडं, चॉकची धूळ नाकात जात होती. कपाटांवर पोरींचे मोठमोठे फोटो होते आणि एका कपाटावर ब्रिनचा, त्या दिवसापुरता चिकटवलेला. मॅकेना लंगडत आली, गळ्यात पडली. "आलीस, येडे!" "आले, लंगडे!" दोघी खिदळल्या. ब्रिनला घरी असं खिदळताना ऐकून मला जमाना झाला होता. मेलानी म्हणाली, ब्रिनला टीमची ओळख करून देते, तोवर तुम्ही आमच्या डॉक्टरांना भेटा, नुसती ओळख, आणि मग फोटो. येणाऱ्या मुलीला टीमचा लिओटार्ड, म्हणजे तो अंगाला घट्ट बसणारा पोशाख, घालून दिवे लावून फोटो काढतात. सगळीकडे काढतात. कोणी तिथे जावो न जावो.

डॉक्टर वेलिंगची खोली जिमला लागूनच होती, दार उघडं. बर्फाचं यंत्र मधूनमधून खडखडत होतं. म्हातारा माझ्याहून जाड होता आणि त्याच्या खुर्चीला माझ्यासारखीच कुरकुरायची सवय होती. मला तो आवडला, आणि आवडला याचा राग आला. तो म्हणाला, "विचिटाहून गाडीने? बाप रे. पाठ कशी आहे?"

"आहे."

"मुलीची फाइल बघितली. घोटे बरे आहेत. मनगट जरा. या पोरींचं काही ना काही असतंच." मग त्याने चष्मा काढला. "मिसेसचं ऐकलं. फार वाईट झालं. ब्रिन फोनवर म्हणाली, कॅन्सर."

म्हणजे तिने आधीच सांगून टाकलं होतं. मला बोलावंही लागणार नव्हतं. मान हलवायची होती, तीही थोडीशी, दुःखात असलेला माणूस हलवतो तेवढी. म्हातारा पुढे काही विचारणार नव्हता, तिचं बरोबर होतं. त्याने नजर खालीसुद्धा वळवली होती, मला सोय व्हावी म्हणून. मी दारातून बाहेर बघितलं. बीमवरची एक मुलगी कोलांटी मारताना चुकली, पोटावर आदळली आणि खाली गादीवर पडली. आवाज झाला. सगळ्या थांबल्या. कोणी हललं नाही. मेलानी कमरेवर हात ठेवून उभी. मॅकेना उभी. ब्रिन त्यांच्यात उभी, त्यांच्यातलीच एक, मान जरा वाकडी करून बघत. पडलेल्या मुलीचा अंगठा वर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ब्रिननेही वाजवल्या.

"नाही," मी म्हटलं. "कॅन्सर नाही. हृदय."

मग मी सगळं सांगितलं. स्नायू, रक्त, ब्रिनची जाड भिंत, मेहनतीची की आईची, नाकारलेली तपासणी. माझा आवाज चांगला येत होता. गिऱ्हाइकाला दोन टायर नाही, चारही बदलावे लागतील असं सांगताना येतो तसा, शांत आणि पक्का. म्हातारा सरळ होऊन बसला होता, आता तो मुळीच आजोबा वाटत नव्हता. त्याने दोन-तीन प्रश्न विचारले, नेमके. मग म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत. मी तिला आता जिममध्ये उतरू देऊ शकत नाही, तुम्हाला कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. तिथे थांबायचं होतं. काम झालं होतं. पण तोंड उघडंच राहिलं आणि मी म्हटलं, "ती बीमवर होती. तिने आईला पडताना बघितलं, आणि ती थांबली नाही. दोनदा केलं तिने."

म्हातारा माझ्या मागे, दाराकडे बघत होता. मी वळलो. ब्रिन उभी होती. अंगात त्यांचा लिओटार्ड होता, निळा, बाह्यांवर खडे लावलेले. फोटोसाठी मला बोलवायला आली असणार.

बाहेरच्या बोळात ती माझ्यापुढे चालत गेली आणि पाण्याच्या नळापाशी थांबली. "ते का सांगितलंस?"

"सांगायलाच हवं होतं. तुझं हृदय..."

"ते नाही. ते तू सांगणारच होतास, मला गाडीतच कळलं. दुसरं."

मी नळाकडे बघितलं.

"हॉलीने सांगितलं ना तुला? कधी?"

"जेवणाच्या वेळी."

"म्हणजे तेव्हापासून." ती हसली, दात न दाखवता. "मला वाटलं तू आईसाठी गप्प आहेस. तू माझ्यावर गप्प होतास."

"ब्रिन, ती तुझी आई होती."

"मला माहितीये ती कोण होती! तू तिथे होतास कधी? तू टायर लावत होतास. मला वाटलं, ती उठेल. आमच्याकडे उठतातच, बाबा. सगळे उठतात. आणि मी उतरले असते तर तीच ओरडली असती. वरून काच वाजवून. वाजवली असती की नाही? सांग ना!"

वाजवली असती. मी ट्रिनाचं लग्नाआधीपासूनचं सगळं बोलणं ओळखतो, आणि मला ती काच वाजताना ऐकू आली, अंगठीने, टक टक. पण हे मी म्हटलं नाही. म्हणता आलं असतं, जीभ होती तोंडात. मला ते द्यायचं नव्हतं तिला. तिने वाट बघितली. पडलेल्याची बघतात तशी, मान जरा वाकडी करून. मग तिने नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि बाहीने पुसलं, आणि बाहीवरचे खडे गालावर ओरखडून गेले.

मेलानी बोळात आली. तिला कळलं होतं. तिचा चेहरा त्या शवविच्छेदनवाल्यासारखा मृदू झाला होता. "हे बघ, राणी, दार बंद नाही झालेलं. तपासणी करा, थांबा, मग बोलू. आम्ही कुठे जात नाही." ती खोटं बोलत नव्हती, पण ब्रिनच्या खांद्यावर ठेवलेला हात तिने लवकर काढून घेतला. मग म्हणाली, "दिवे लावलेत. फोटो काढायचा का? नको असेल तर..."

"काढू या," ब्रिन म्हणाली. "बाबा, तूपण चल."

"मी कशाला?"

"चल ना. आठवण राहील."

पांढऱ्या कापडापुढे उभं केलं. फोटो काढणारा पोरगेलासा होता, त्याला काही माहीत नव्हतं. "सर, जरा जवळ! बाप-लेक ना तुम्ही?" ब्रिन सरकली. माझ्या दुकानाच्या शर्टाला चॉक लागला. तिने हनुवटी उचलली, छाती पुढे केली आणि ते हसू बाहेर काढलं, सगळे दात, लांबच्या पंचालाही दिसेल असं. खाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही तिथे, तिने माझं मनगट धरलं आणि नखं रुतवली. बारवर लोंबकळून तिची बोटं लोखंडासारखी झाली आहेत. कातडी फुटल्याचं मला कळलं. "सर, हसा ना," पोरगा म्हणाला. मी हसलो. तिने नखं आणखी आत घातली आणि मी हात काढला नाही, कारण तिच्या अंगठ्याच्या पेरातून मला तिचे ठोके लागत होते, जोरात, रागाने, एकामागून एक. मला त्यातलं काही कळत नाही. मी श्वास रोखून पुढच्याची वाट बघत होतो. आला. पुढच्याची. "अजून एक," पोरगा म्हणाला, "हलू नका."